कसोटी कोणती लावावी ?

सोलापुरांत ज्या घरीं माग आहे त्या घरच्या मुलास रंगाचा पक्केपणा म्हणजे काय हें शाळेंत शिकवावें लागत नाहीं. चादर धुतली आणि पाण्यांत रंग उतरला नाहीं म्हणजे रंग पक्का, असें गिऱ्हाईक समजतें. परंतु विणणारास ठाऊक असतें कीं, धुण्यास पक्का असलेला रंग उन्हास कच्चा असूं शकतो, आणि उन्हांत टिकणारा रंग घामानें किंवा घासण्यानें निघूं शकतो. म्हणूनच कापडाच्या प्रयोगशाळेंत धुणें, ऊन, घासणें व घाम यांच्या कसोट्या निरनिराळ्या असतात व त्यांचे गुण देण्याची रीतही एक नसते. धुण्याच्या कसोटीस पांचांपैकीं अंक देतात, तर उन्हाच्या कसोटीस आठांपैकीं. 'रंग पक्का आहे' हें वाक्य, कशापुढें पक्का हें सांगितल्यावांचून, अपुरें होय.

हाच धडा गेल्या वर्षीं आम्हांस एका निराळ्याच धंद्याच्या निमित्तानें पुन्हां गिरवावा लागला. तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचा एक माजी विद्यार्थी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत लहानसा गाळा भाड्यानें घेऊन शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर तयार करतो. ज्यांस हें यंत्र ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों : विहिरीवरील स्टार्टरशेजारीं एक पेटी बसवितात, तींत मोबाईलचें सिमकार्ड असतें, शेतकरी घरीं बसून त्या क्रमांकावर फोन करतो आणि पंप चालू अथवा बंद होतो. शहरांतील वाचकांस ही चैन वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यांत शेतीपंपांस कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं वीज देण्याची पाळी वर्षानुवर्षें चालत आली आहे. आणि रात्रीं बारा-एक वाजतां वीज आली म्हणजे कोणास तरी उठून, हातीं बॅटरी घेऊन, ओल्या बांधावरून विहिरीवर जावें लागतें. त्या वाटेवर साप असतात, विंचू असतात, आणि पाणी सांडलेल्या जागीं उघड्या पडलेल्या ताराही असतात. पेटी चालली तर हा फेरा वांचतो; पेटी बंद पडली तर माणूस पुन्हां अंधारांत निघतो.

त्यानें पहिल्या खेपेच्या पेट्या दिवाळीनंतर विकल्या. प्रत्येक पेटीबरोबर एका प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची प्रत दिली होती, व तीवर 'उत्तीर्ण' असा स्पष्ट शेरा होता. हिंवाळा निर्वेध गेला. एप्रिल लागला आणि मोहोळ, मंगळवेढें, सांगोलें या बाजूंनीं तक्रारी येऊं लागल्या. मंगळवेढ्याकडील एक वयस्क शेतकरी तर पेटी पोत्यांत घालून एसटीनें स्वतः घेऊन आले. त्यांचे शब्द आमच्या विद्यार्थ्यानें आम्हांस जसेच्या तसे सांगितले : "लेकरा, तुजा कागुद झ्याक हाय, पर पेटी दुपारच्याला निजती अन् सांजच्याला जागी हुती. आता तर उठंनाच झाली." रोगाचें इतकें नेमकें वर्णन आम्हीं कोणत्याही तांत्रिक अहवालांत वाचलेलें नाहीं.

मे महिन्याच्या सुटींत तो प्रमाणपत्र घेऊन आमच्या घरीं आला. त्याचें पहिलें वाक्य होतें, "सर, लॅबनं मला फसवलं." आम्हीं चष्मा लावून तो कागद वाचला. कोरडी उष्णता, ५५ अंश सेल्सिअस, १६ तास. नमुना : सर्किट बोर्ड, पेटीविना. परीक्षणकाळीं वीजप्रवाह : नाहीं. निकाल : उत्तीर्ण. कागदांत एकही अक्षर खोटें नव्हतें. प्रयोगशाळेनें जें मागितलें तें केलें होतें. मागणाराने काय मागावें याचा विचारच केला नव्हता. दरपत्रकांत सर्वांत स्वस्त जी ओळ दिसली तिच्यावर त्यानें खूण केली होती, कारण गिऱ्हाइकास दाखविण्यास एक तरी कागद हवा होता. हें त्यास सांगतांना आम्हांस वाईट वाटलें, परंतु सांगणें भाग होतें.

मग आम्ही दोघे मिळून मानकें वाचावयास बसलों. विजेच्या उपकरणांविषयीं सर्व देशांत एक भाषा असावी म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोग सन १९०६ मध्यें लंडन येथें स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या व न्यू गिनीच्या जंगलांत सैन्याचीं बिनतारी यंत्रें दमट हवेनें व बुरशीनें निकामी होऊं लागलीं, तेव्हां हवामानाची कसोटी हा किती गंभीर विषय आहे हें सर्वांस उमगलें. आज त्या आयोगाची ६००६८ या क्रमांकाची मानकमाला जगभर चालते. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ सालीं निघाली. १९८७ पासून तिचें कार्य भारतीय मानक ब्यूरो चालवितो. त्याची आयएस ९००० ही माला याच विषयावर आहे. तींत थंडी, कोरडी उष्णता, दमट उष्णता, धूळ, मिठाचें धुकें, कंपन इत्यादि प्रत्येक कसोटीस स्वतंत्र भाग दिलेला आहे. अमेरिकन सैन्याचें ८१० क्रमांकाचें मानक १९६२ मध्यें निघालें, आणि आपल्या तिन्ही सैन्यदलांचें मिळून जेएसएस ५५५५५ हें निराळें मानक आहे.

एवढीं नांवें वाचून आमचा विद्यार्थी गोंधळला व म्हणाला, "यांतलं सगळ्यांत कडक कोणतं? तेंच घेतों." नवशिक्या मनुष्यास हाच प्रश्न सुचतो. परंतु मानक वाचूं लागल्यावर ध्यानांत येतें कीं, तें 'किती' हें सांगतच नाहीं. तें 'कसें' एवढेंच सांगतें. कोरड्या उष्णतेच्या मानकांत अंशांची एक लांबलचक यादी असते, ५५, ६०, ६५, ७०, ८५ अशी. आणि तासांचीही असते, २, १६, ७२, ९६ अशी. कोणता अंश व किती तास हें वस्तु करणारानें आणि घेणारानें ठरवावयाचें. इतकेंच नव्हे, तर नमुना स्वतः ताप निर्माण करणारा आहे कीं नाहीं, आणि परीक्षण चालू असतां त्यास वीज द्यावयाची कीं नाहीं, यांवरून कसोटीचे पोटभेदही आहेत. म्हणजे मानक ही मापपट्टी होय. कापड किती कापावें हें ती सांगत नाहीं.

मग किती, हें कोठून कळावें ? आम्हीं त्यास सांगितलें, जेथें पेटी टांगतोस तेथें जाऊन पाहा. तो गेला. पेटी लोखंडी पत्र्याची, करड्या रंगाची. खांबावर पश्चिमेकडे तोंड करून ठोकलेली. आंत सर्किटाच्या जोडीला कॉन्टॅक्टरचें कॉइल, तेंही पंप चालू असतां तापणारें. जून उजाडतांच शाळा भरली, पण पाऊस लांबला होता, तेव्हां आमच्या नववीच्या मुलांनीं गच्चीवर एक प्रयोग केला. दोन सारखे पत्र्याचे डबे घेतले. एकास काळा रंग दिला, दुसऱ्यास पांढरा. झांकणास भोंक पाडून तापमापक आंत सोडला, आणि तिसरा तापमापक सावलींत टांगला. दुपारीं सावलींतील पारा चाळिसाच्या आसपास असतां काळ्या डब्यांतील पारा साठाची खूण ओलांडून गेला. पांढऱ्या डब्यांतील पारा त्याच्या बराच खालीं राहिला. यंत्राचा स्वतःचा ताप यांत नाहींच. तो वेगळा मिळवावयाचा. उघडा बोर्ड, वीज बंद, आणि ५५ अंश : या कसोटीचा आणि मंगळवेढ्याच्या खांबाचा संबंध किती होता, हें मुलांस आतां सांगावें लागलें नाहीं.

उष्णतेनें नेमकें काय बिघडतें हेंही पाहूं. बाजारांत मिळणाऱ्या साध्या चिप ० ते ७० अंशांच्या दरम्यान चालण्याच्या हमीवर विकल्या जातात. कारखान्यांकरितां असलेल्या उणे ४० ते ८५ पर्यंत, व सैनिकी उणे ५५ ते १२५ पर्यंत. आमच्या विद्यार्थ्यानें साध्या घेतल्या होत्या. म्हणून पेटी दुपारीं निजे आणि सायंकाळीं जागी होई. पुढें ती 'उठंना' झाली त्याचें कारण निराळें. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर नांवाचा जो लहानसा नळकांड्यासारखा भाग असतो त्यांत द्रव असतो, व तो उष्णतेनें हळूहळू सुकतो. या भागाविषयीं एक ढोबळ नियम आहे, तो मुलांनीं वहींत लिहून ठेवण्याजोगा आहे : दर १० अंश ताप कमी केला कीं आयुष्य दुप्पट होतें. समजा, कॅपॅसिटरवर १०५ अंश, २००० तास असें छापलें आहे. तर ९५ अंशांवर ४००० तास, ८५ वर ८०००, ७५ वर १६,०००, आणि ६५ वर ३२,००० तास. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे ६५ अंशांवर सुमारें साडेतीन वर्षें, परंतु ८५ अंशांवर एक वर्षही नाहीं. आणि स्वस्तांतला कॅपॅसिटर १०५ चा नसून ८५ चा असेल, तर हा सगळा हिशोब दोन पायऱ्या खालून सुरू करावयाचा. हें गणित दहावीच्या मुलांस पांच मिनिटांत येतें. पेट्या विकण्यापूर्वीं तें कोणीं केलें नाहीं.

उष्णतेची कसोटी अशा रीतीनें ठरली : पेटी बंद, आंत सर्व भाग बसविलेले, वीज चालू, बाहेरील हवा ७० अंश, काळ ७२ तास. उन्हाची स्वतंत्र कसोटीही आहे. तींत दिव्यांच्या योगें प्रत्येक चौरस मीटरवर ११२० वॉटपर्यंत तेज पाडतात. परंतु ती लहान कारखानदाराच्या खिशास परवडणारी नव्हे. म्हणून उन्हाचा भार अंशांतच धरला. येथें एक गोष्ट आम्हांस आग्रहानें सांगावीशी वाटते : पेटीस पांढरा रंग देणें, वर पत्र्याची छत्री बसविणें, व तोंड उत्तरेकडे करणें, हे तीन उपाय कोणत्याही परीक्षणापेक्षां स्वस्त आहेत. कसोटी वस्तूस सुधारीत नाहीं. ती केवळ सांगते.

सोलापूरची हवा कोरडी, तेव्हां दमटपणाची कसोटी गाळावी असें त्याचें मत पडलें. येथें मात्र आम्हीं त्यास अडविलें. दिवसा पेटींतील हवा तापून फुगते व तारेच्या भोंकांतून बाहेर पडते. सायंकाळीं एखादी सर आली कीं पत्रा एकदम निवतो, आंतील हवा आकसते, आणि पेटी बाहेरची ओली हवा आंत ओढून घेते. पहांटे पत्र्याच्या आंतील बाजूस दंव धरतें व थेंब बोर्डावर पडतात. जणूं पेटी दिवसांतून एकदां श्वास घेते. सप्टेंबरांत, सोलापूरास पाऊस पडण्याच्या दिवसांत, हें रोज घडतें. दमट उष्णतेच्या कसोट्या दोन आहेत. एकींत ४० अंश व ९३ टक्के आर्द्रता कित्येक दिवस, छप्पन्न दिवसांपर्यंतही, स्थिर ठेवतात. दुसरींत चोवीस तासांचें चक्र असतें. हवा दमट ठेवून बारा तास तापवितात, बारा तास निवू देतात. पहिली कसोटी पेटीस श्वास घेण्यास भाग पाडीत नाहीं, दुसरी पाडते. म्हणून दुसरी घेतली : ५५ अंशांपर्यंत, सहा चक्रें.

धुळीविषयीं फार लिहीत नाहीं. पेटीच्या बंदिस्तपणास आयपी हीं अक्षरें व पुढें दोन अंक देण्याची पद्धत आहे. पहिला अंक घन पदार्थांचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे आंत गेलेली धूळ कामास बाध आणणार नाहीं इतकी थोडी, आणि कोणत्याही बाजूनें शिंतोडे आले तरी हरकत नाहीं. काळ्या मातीच्या उन्हाळी धुरळ्यास एवढें पुरे. पालीकरितां मात्र कोणत्याही देशाचें मानक आम्हांस आढळलें नाहीं, वास्तविक आपल्याकडे स्टार्टरच्या पेट्यांत धुळीपेक्षां पालींनीं व मुंग्यांनींच अधिक घोटाळे केले असतील. पहिला अंक ४ असला म्हणजे एक मिलिमीटर जाडीची तार आंत शिरत नाहीं, तेव्हां ५ असतां पालीचा प्रश्न सुटतो. मुंग्यांचें आम्ही सांगूं शकत नाहीं.

आतां क्रमाचा मुद्दा, जो आम्हां दोघांसही नवा होता. वेळ वांचावा म्हणून तीन निरनिराळ्या पेट्या एकाच वेळीं तीन कसोट्यांस लावाव्या, असा त्याचा विचार होता. परंतु मानकमालेच्या पहिल्याच भागांत हवामानाच्या कसोट्यांचा एक क्रम दिला आहे, व तो एकाच नमुन्यावर चालवावयाचा आहे : आधीं कोरडी उष्णता, मग दमट चक्राचा एक फेरा, मग थंडी, शेवटीं दमट चक्राचे उरलेले फेरे. तो असाच कां, हें पाहण्यासारखें आहे. उष्णतेनें रबराच्या पट्ट्या व सांधे भेगाळतात. त्या भेगांतून दमट फेऱ्यांत पाणी शिरतें. थंडींत तें पाणी गोठून भेग रुंदावते. आणि मग पुढचे फेरे उरलें काम करतात. तिन्ही पेट्या वेगळ्या ठेवल्या तर तिन्ही उत्तीर्ण होतील, आणि शेतांतली चौथी, जी एप्रिल व सप्टेंबर दोन्ही पाहते, ती नापास होईल. आमच्याकडे पाणी गोठत नाहीं हें खरें, म्हणून थंडीची पायरी त्यानें ५ अंशांवर ठेवली. तें आम्हांस योग्य वाटलें. मिठाचें धुकें आणि बुरशी या कसोट्या गाळल्या, आणि टेंपोंतून खडकाळ वाटेनें जाणाऱ्या मालाकरितां धक्क्यांची कसोटी मात्र घेतली.

कांहीं वाचक विचारतील कीं, ही निवड नेहमीं करणारावरच असते काय ? तसें नाहीं. सोलापूर स्टेशनापासून कोणत्याही दिशेस रुळांच्या कडेनें गेलें तर सिग्नलच्या पेट्या दिसतात. तेथें एका यंत्राच्या चुकीनें शेंकडों जीव धोक्यांत येतात, म्हणून तेथें कारखानदारास निवडीची मुभाच नाहीं. लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन संस्थेनें इलेक्ट्रॉनिक सिग्नल-यंत्रांकरितां एसपीएन १४४ या नांवाची अट-पत्रिका ठरवून दिली आहे, व तींत कसोटीही आहे आणि तिची मात्राही. सैन्यास माल द्यावयाचा तर जेएसएस ५५५५५ लागतें. जेथें घेणारा समर्थ असतो तेथें तो अंश व तास स्वतः लिहून देतो. मंगळवेढ्याचा शेतकरी असें लिहून देऊं शकत नाहीं. तो कागदावरील 'उत्तीर्ण' हा शब्द वाचतो आणि पैसे मोजतो. त्याच्या वतीनें अंश व तास ठरविणारा कोणी असेल तर तो पेटी करणाराच.

दुकानांतून हल्लीं मोबाईलवर व घड्याळांवर 'मिलिटरी ग्रेड' अशी चिठी दिसते, तिजविषयींही याच ओघांत दोन शब्द. ८१० क्रमांकाच्या त्या अमेरिकन मानकांत कसोट्यांच्या दोन डझनांहून अधिक रीती आहेत, आणि ज्या परिस्थितींत वस्तु वापरली जाणार तीस अनुसरून त्यांतून निवड करावी असें तें मानक स्वतःच बजावतें. त्याचें प्रमाणपत्र देणारी सैन्याची कोणतीही कचेरी नाहीं. एखाद्यानें त्यांतील एकच रीत, तीही सौम्य मात्रेनें, लावून ही चिठी चिकटविली तरी ती सर्वस्वी खोटी म्हणतां येत नाहीं. पालकांनीं अशी वस्तु घेतांना दुकानदारास एवढेंच विचारावें : कोणती रीत, किती अंश, किती तास, आणि त्या वेळीं यंत्र चालू होतें काय ? आम्हीं दोन दुकानांत विचारून पाहिलें. एकानें चहा मागविला, दुसऱ्यानें मालकास फोन केला.

दुसऱ्या खेपेची पहिली पेटी कसोटीस लागली तेव्हां ती दमट चक्राच्या चौथ्या फेऱ्यांत बंद पडली. आमचा विद्यार्थी खिन्न होऊन आला. उघडून पाहतां तारेच्या भोंकाची रबरी चकती उष्णतेनें कडक होऊन चिरली होती; किंमत दोन रुपये. त्यानें चकती बदलली, भोंक पेटीच्या तळाशीं नेलें, कॅपॅसिटर १०५ अंशांचे घातले, आणि क्रम पुन्हां पहिल्यापासून चालविला. पहिल्या खेपेच्या सर्व पेट्या त्यानें पदरचे पैसे घालून बदलून दिल्या. ह्यांत त्याचे वडील, जे यंत्रमागावर पाळी करतात, त्यांची साठवणही गेली. नव्या पेटीबरोबर तो जो कागद देतो त्यावर आतां 'उत्तीर्ण' हा शब्द नाहीं. अंश, तास, चक्रें, पेटी बंद, वीज चालू, एवढेंच मराठींत छापलेलें असतें, आणि खालीं पेटी सावलींत व उत्तरेस तोंड करून बसवावी अशी सूचना.

गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. रत्नागिरीकडील एका बागाईतदारानें वीस पेट्या मागितल्या आहेत. तेथें वर्षांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि वारा समुद्रावरून येतो. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "सर, मिठाच्या धुक्याची कसोटी किती तासांची घेऊं?" आम्हीं उलट टपालीं त्यास विचारलें आहे कीं, त्यांची विहीर समुद्रापासून किती अंतरावर आहे, आणि तूं ती पाहून आलास काय ?